साल्मोनीचा गडगडाट

साल्मोनी, जवाच्या कापणीचा तिसरा दिवस

॥ श्री साल्मोनिअस प्रसन्न ॥

ती. मेलिताअक्कास मिकॉनचा साष्टांग नमस्कार,

वरचं नाव वाचून हसू नकोस. विजेच्या देवाचं, झ्यूसचं, नाव लिहायला बंदी आहे. आता आमचा राजा साल्मोनिअसच झ्यूस! वीज म्हणून रथातून जळते पलिते फेकतो आणि गडगडाट म्हणून रथामागे पातेली फरफटवतो. पातेली कुणी ठोकली? तुझ्या तांबट भावानं! गावात धड भांडं उरलं नाही, पण आवाज असा की कुत्री घरात शिरतात. मला रथात मागे बसायचा मान मिळालाय.

लोभ आहेच, त्याला कल्हई लागत नाही.

तुझा मिकॉन

लेप्रिऑन, सातवा दिवस

॥ श्री झ्यूस प्रसन्न ॥ (आमच्याकडे अजून तोच आहे.)

चि. मिकॉनला अनेक आशीर्वाद,

मान कसला डोंबलाचा! पलित्यानं विणकरणीचं घर जळालं, ती आत होती, हे इथवर कळलं. तू नाही लिहिलंस. खऱ्या झ्यूसनं एकदा खाली पाहिलं, तर रथात मागे कोण बसलंय ते विचारणार नाही. माझी भावजय फिलो पोटुशी आहे, तिला घे आणि ये. तुझे दाजी तुझ्यासाठी भट्टी बांधताहेत. अंगठा ठेचून घेतला, तरी ऐकत नाहीत.

माया आहे म्हणून रागावते.

तुझी अक्का

साल्मोनी, नववा दिवस

ती. अक्कास सा. नमस्कार,

तुझं पत्र वाचून फिलोनं रडून घर डोक्यावर घेतलं. हरलो बाई. तो पलिता मीच पेटवून दिला होता, झोप लागत नाही. पंधराव्याला निघतो. उद्याची तेवढी मिरवणूक होऊ दे. एक पातेलं बोदं वाजत होतं, त्याला नवा तळ ठोकलाय. एकदा तरी बरोबर गडगडाट ऐकतो. फिलोही वेशीवर उभी राहून ऐकणार आहे.

लोभ ठेव, भाजी जास्त टाक.

तुझा मिकॉन

लेप्रिऑन, अकरावा दिवस

चि. मिकॉनला अनेक आशीर्वाद,

अरे, काल दुपारी तुझा गडगडाट थेट इथवर आला! आभाळात ढग नाही आणि फळीवरची मडकी खाली. दाजी म्हणाले, काय हात आहे तुझ्या भावाचा! मी गावभर मिरवले. आता पुरे, निघा.

माया वाढतेच आहे.

तुझी अक्का

ता. क. चौदावा दिवस. निरोप्या पत्र तसंच घेऊन परत आला. म्हणतो, तिथे गावच नाही, काळी जमीन धुमसते आहे. पिऊन वाट चुकला असणार मेला! खूप शिव्या घातल्या. नदी उजव्या हाताला ठेव म्हणून बजावलं आणि हेच पत्र देऊन परत पाठवतेय. दोन ओळी लिही रे. नुसतं नाव लिहिलंस तरी चालेल.