अनवाणी उडणाऱ्याचं श्रेय

प्रिय छोट्या,

तुमच्या स्टुडिओचा सिनेमा बघून आले. थिएटर गच्च भरलेलं, पोरंसोरं शिट्ट्या मारतायत आणि तुझ्या ताईचं डोकं मात्र तापलेलं. म्हणून चांगलं ते आधीच बोलून घेते, नंतर जमेल याचा नेम नाही. स्टुडिओचं श्रेय मी नाकारत नाही. बाबांची चित्रकथा पुरवणीत छापून यायची आणि दुसऱ्या दिवशी लोकांच्या कपाटातल्या फळ्यांवर अंथरली जायची. तिला कुत्रं विचारत नव्हतं, तेव्हा तुमच्या लोकांनी तिच्यावर पैसा लावला, तो नट शोधला आणि ते उडणं असं दाखवलं की माझ्यासारख्या खडूस बाईनेही खुर्चीचा हात घट्ट धरला. बाबांच्या एकट्याच्या कुंचल्याने हे झालं नसतं. कबूल.

पण त्याआधी तू लिहून पाठवलेली सिनेमाची माहितीपुस्तिका वाचली होती ना, तिनेच सगळा विचका केला. म्हणे नायक अनवाणी उडतो, कारण स्टुडिओच्या संशोधन विभागाने त्याचं मातीशी नातं जोडलं! अरे लबाडा, बाबांना बुटांचं चित्र जमत नव्हतं! तुला स्टुलावर उभं करून, पायात माझे शाळेचे बूट चढवून ते रेखाटत बसायचे आणि दर वेळी बुटांचे बटाटे व्हायचे. खोडून खोडून कागद फाटला, तेव्हा वैतागून त्यांनी तुला बूट उतरवायला लावले. ते पाय तुझे आहेत, गाढवा. आणि संशोधन विभाग कसला, आपलं स्वयंपाकघर होतं ते. आई मागे भांडी आपटत होती.

तू म्हणशील, ताई, वरून सांगतात तसं लिहावं लागतं, नोकरी आहे. असेल. मीही नोकरी करते, साहेबाच्या होला हो मलाही करावं लागतं. पण घरी काय चाललंय ते ऐक. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन छान झालं, आता सुईत दोरा ओवतात, पण चित्र काढत नाहीत. त्यांचं चित्रं काढायचं उतरतं टेबल त्यांनी स्वतः जिन्याखाली नेऊन ठेवलं. परवा न्हाव्याने कौतुक केलं, तर म्हणाले, मी नुसती कल्पना दिली, केलं सगळं स्टुडिओने. काल म्हणाले, कल्पनासुद्धा बहुतेक त्यांचीच असेल. मी आधी हसले, मग भांडले, मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मला वाटलं, एवढा मोठा पडदा बघून ते दबले. तसं नाही रे. मी पुस्तिका पुढे धरून ओरडले की हे साफ खोटं आहे, तेव्हा त्यांनी ती माझ्या हातातून अलगद काढून घेतली. म्हणाले, छोट्याने लिहिलंय, तो काही खोटं लिहिणार नाही, माझंच चुकत असेल. तेव्हा छोट्या, माझं ऐक, तू पुस्तिका बदलू नकोस, साहेबांशी भांडू नकोस, जगाने स्टुडिओचा खुशाल जयजयकार करावा. फक्त एकदा घरी येऊन त्यांच्यासमोर बस आणि खरं काय ते सांग. तो माणूस स्वतःची आठवण खोटी मानायला तयार झालाय, पण तुला खोटा म्हणायला तयार नाही. म्हणून लिहिलं. ये.

चिडलेली, तरी तुझीच,
ताई