ससा अ, ससा ब आणि सात मिस्ड कॉल

३ जुलै २००६, सकाळी
आजपासून रजा टाकून संशोधन सुरू. सत्तावीस वर्षं हायस्कुलात लॅब असिस्टंट म्हणून दुसऱ्यांच्या प्रयोगांच्या परीक्षानळ्या धुतल्या. बास झालं. विषय: मोबाईलच्या लहरींचा प्राण्यांच्या ऐकण्यावर परिणाम. परदेशात उंदरांवर करून बघितलं म्हणे, ठोस काही निघालं नाही. निघणार कसं? उंदराला कान केवढे! नारायणगावच्या बाजारातून दोन ससे आणले. ससा अ, ससा ब. डिसेंबरात पुण्याच्या विज्ञान मेळाव्यात निबंध वाचायचा.

४ जुलै
अ च्या पिंजऱ्याला मोबाईल सुतळीने बांधला. आमच्या निमगाव सावाच्या घरात रेंज फक्त पडवीत, म्हणून अ पडवीत. ब लहरींपासून लांब, न्हाणीत. बायको जानकी म्हणाली, मग मी अंघोळ कुठं करू? विज्ञानाला त्याग लागतो, असं सांगितलं. ती काहीतरी पुटपुटली. हल्ली तोंडातल्या तोंडातच बोलते. तिचा घसा दाखवायला हवा.
घरात फोन एकच, जावयाने दिलेला. लेकीला, ज्योत्स्नाला, सातवा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी. न्यायला कधी यायचं ती तारीख अवसरी खुर्दहून व्याही कळवणार आहेत. तोवर ज्योत्स्ना रोज एक मिस्ड कॉल देते. मिस्ड कॉल म्हणजे सुखरूप. उचलायचा नाही, असं ठरलेलं आहे.

११ जुलै
शाळेतला नादकाटा (ट्यूनिंग फोर्क) घरी आणला. (हेडमास्तरांना सांगायचं राहिलं.) आपटला की अ कान वळवतो. मग अगदी हळू आपटला. मला काही ऐकू आलं नाही, म्हणजे आवाज झालाच नाही. तरी अ ने कान वळवला! न झालेला आवाज ऐकतो! लहरींनी भास होतात, सिद्ध.
ता. क. ब नेही वळवला. लहरी न्हाणीपर्यंत पोचतात, हेही सिद्ध.

१९ जुलै
अ दिवसातून सहा-सात वेळा उगीच दचकतो आणि मागचा पाय आपटतो. तेही फोन वाजत नसताना. भास वाढले. फार समाधान वाटलं.
जानकी हल्ली दिवसभर खुरपणीला असते. संध्याकाळी बघितलं तर सात मिस्ड कॉल. सात वेळा सुखरूप! पोरगी खुशीत दिसते. जानकीला सांगितलं, तर म्हणाली, "एका दिसात सात? अवो, फोन करून तरी बघा." बॅलन्स संपलाय. रिचार्ज उद्या.

२५ जुलै
रिचार्ज राहिलं. आज अकरा. त्यातले तीन व्याह्यांच्या नंबरवरून. तेही सुखरूप. माणसं चांगली मिळाली. जानकी म्हणते, एसटीने जाऊन या, दीड तासाचा रस्ता. पण बोलावल्याशिवाय पोरीच्या बापाने जाणं बरं दिसत नाही. शिवाय नोंदींत खंड पडेल.

२ ऑगस्ट
व्याही सावळाराम स्वतः मोटरसायकलवर आले. रागावले होते, पण रागातही फार हळू बोलतात. त्यांचं बोलणं जानकीने माझ्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं ते असं: "पंधरा दिस फोन लावतोय, पावणं. रिंग जाती, कुणी उचलत न्हाई. पोर पिशवी भरून दारात बसली व्हती. आता आठवा लागला. आठव्यात आमी हलवत नाय."
मी म्हणालो, फोन वाजलाच नाही. सावळारामांनी खिशातून आपला फोन काढून नंबर लावला. अ ने पाय आपटला. जानकीने माझ्याकडे बघितलं, मी मोबाईलकडे. स्क्रीन उजळला होता.
रिंगर बिघडलाय. दुरुस्तीला टाकावा.

९ ऑगस्ट
नारायणगावला कानाचे डॉक्टर. जानकीच्या घशासाठी गेलो होतो, तिने मलाच आत ढकललं. कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बोट वर करा, म्हणाले. बराच वेळ आवाज काही येईना. जानकी शेजारी बसून डोळे पुसत होती. हेडफोनमधला आवाज तिला बाहेर ऐकू येत होता.
डॉक्टरांना विचारलं, मोबाईलच्या लहरींमुळे का? त्यांनी कागदावर लिहून दिलं: नाही, किमान आठ वर्षांपासूनचं आहे. तेव्हा माझ्याकडे मोबाईलच नव्हता.
कानाचं यंत्र पुण्याहून यायचंय.

२१ सप्टेंबर, दुपारी
यंत्र आलेलं नाही. जानकी आठवडाभर अवसरीला, लेकीपाशी. मी एकटा. ब ला पडवीत अ शेजारी आणून ठेवलं. फोन सोडवून घेतलाय, हातातून खाली ठेवत नाही. वाईट वाटतं. ती पिशवी भरून बसली होती, हे डोळ्यांपुढून जात नाही.
आत्ता स्क्रीन उजळला. व्याह्यांचा नंबर, म्हणजे जानकीच. उचलला. उजव्या कानाला लावला, मग डाव्या. "बोल," म्हणालो, तीनदा. काही नाही. शेवटी फोन पिंजऱ्याच्या जाळीला लावून धरला.
दोन्ही सशांनी कान ताठ उभे केले आणि तसेच धरून राहिले. म्हणजे बाळ रडत असावं.
मुलगा की मुलगी, ते सशांवरून कळत नाही.