उत्तरा जेवते आहे

ॲन आर्बर, १९ जुलै

ती. मालिनीताई,

साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता बरा असेल. इकडे हवा छान आहे. अंतरा चँडलरहून आली आहे, रजा टाकून. बाग यंदा कोणी न बघताही फुलली आहे.

फोनवर तुम्ही रोज विचारता, उत्तरा जेवली का, आणि मी जेवली म्हणतो. मग तुम्ही तिला दाखवा म्हणता आणि मी कॅमेरा बागेकडे वळवतो. तुम्हाला मधमाश्या दिसतात, तुम्ही हसता, आणि विषय निघून जातो.

तुमच्या बहिणीचं सगळं आयुष्य त्या माश्यांमध्ये गेलं. मी गाड्यांच्या कंपनीतला इंजिनिअर, मला जे काही कळतं ते तिच्यामुळे. संध्याकाळी चहा घेऊन बागेत बसलो की ती सांगायची. लांबून वास येतो म्हणून माशी इकडे वळते. जवळ आली की रंग बघते. आपल्याला एकसारखी पिवळी दिसणारी पाकळी तिला मध्ये गडद दिसते, मध कुठे आहे ते दाखवल्यासारखी. उडून उडून तिच्या अंगावर वीज साठते आणि फुलावरचे परागकण आपोआप तिला येऊन चिकटतात. उतरल्यावर ती पायांनीसुद्धा चव घेते. हे सांगताना उत्तराचा चहा नेहमी गार व्हायचा.

आजारात तिला वास येणंच आधी गेलं. दूध करपून घरभर धूर झाला तरी ही तिथेच पुस्तक वाचत बसली होती. पुढे नावं गेली, मग बोलणं. हे तुम्हाला माहीत आहे. माहीत नाही ते असं, की मे महिन्यापासून ती स्वतःहून खात नाही. ताट समोर ठेवलं तर त्याच्याकडे बघतही नाही. श्रीखंड केलं, मेतकूट-भात केला, तुमच्या हातची म्हणून तिला आवडायची तशी मुगाची खिचडी केली. काहीच नाही.

मग एकदा तोंड पुसताना चमचा तिच्या खालच्या ओठाला लागला आणि तोंड उघडलं. तेव्हापासून मी तसंच भरवतो. ओठाला चमचा लावायचा, तोंड उघडतं, घास जातो, ती गिळते. म्हणून जेवली म्हणतो.

नवीन लग्न झालेलं असताना मी तिच्या लॅबमध्ये गेलो होतो. बारीक नळीत एक मधमाशी अडकवलेली होती, नुसतं डोकं बाहेर. उत्तराने साखरपाण्यात बुडवलेली काडी तिच्या मिशीला लावली, तशी सोंड झटकन बाहेर आली. मी म्हणालो, बिचारीला भूक लागली आहे.

"भुकेचं मला माहीत नाही," उत्तरा म्हणाली. "मिशीला गोड लागलं की सोंड बाहेर येते. तिला हवंय का, हे विचारायची सोय नाही."

गेल्या आठवड्यात घरी येणाऱ्या नर्सबाईंनी माझं भरवणं पाहिलं आणि फार हळुवारपणे तेच सांगितलं. तान्ह्या बाळाच्या ओठाला बोट लावलं की ते तोंड उघडतं, तसं या आजारात शेवटी परत येतं. त्यात इच्छा असेलच असं नाही.

आणि इच्छा तर तिने सांगून ठेवली होती. आजाराचं नाव कळलं त्या दिवशी, डॉक्टरांसमोर, मला आणि अंतराला. "मी स्वतःहून खायची थांबले की मला भरवायचं नाही. दोघांनी ऐकलंत ना?" आम्ही दोघांनी मान हलवली होती.

अंतरा आल्यापासून शांतपणे बघत होती. परवा मात्र म्हणाली, "बाबा, धिस इज नॉट आई ईटिंग." काल सकाळी ठरवलं, ओठाला चमचा लावायचा नाही. वाटी समोर ठेवून बसलो. खिडकीबाहेर माश्या फुलांवर उतरत होत्या, आत शिरत होत्या, उडून जात होत्या. उत्तरा तिकडेही बघत नव्हती. दुपारपर्यंत भात सुकला. मी नवा कालवला, आणि ताई, मला राहवलं नाही. चमचा लावला. तोंड उघडलं. सगळी वाटी संपेपर्यंत मी भरवत राहिलो आणि रडत राहिलो. अंतरा दारात उभी होती. तिने वाटी आत नेऊन धुवायला पाणी सोडलं.

रात्री ती एवढंच म्हणाली, की सोमवारपासून दोघांनीही ओठाला हात लावायचा नाही. नुसतं पाण्याने ओठ ओले करायचे. मी हो म्हटलं आहे. माझा हात ऐकेल की नाही, मला माहीत नाही.

लहानपणी आई गेल्यावर तुम्हीच तिला भरवून मोठं केलंत. तुम्हाला विचारायला हवं होतं. पण फोनवर विचारलं असतं तर तुम्ही भरव म्हणाला असता आणि मी भरवलं असतं. कागद पोचायला पंधरा-वीस दिवस लागतात. म्हणून कागदावर लिहितो आहे. तोवर सोमवार कधीच मागे पडलेला असेल; हे वाचल्यावर फोनवर जेवली का विचारू नका.

तुमचा,
गिरीश

दरवेळी खाली "उत्तराचाही नमस्कार" असं लिहितो. आज माझ्या एकट्याचाच.