आम्ही मागवलेली बाई

१० जून, सोमवार

"दक्षिणेतल्या माझ्या आयाबायांनो आणि बांधवांनो, ज्यांच्या दारात जगाने आजवर फक्त जुने स्वेटर आणि नवे सल्ले आणून टाकले, त्या तुम्हा सगळ्यांना मी विचारते — तुम्हाला नेमकं काय हवं आहे, हे एकाने तरी कधी विचारलं?"

वार्षिक सभेसाठी ही सुरुवात लिहून ठेवली. सी लझहर म्हणाले, फार कडक आहे. जमियाचे, म्हणजे आमच्या मंडळाचे, अध्यक्ष झाल्यापासून त्यांना सगळंच कडक लागतं. चाळीस वर्षं पोस्टात शिक्के मारून माणूस इतका मऊ होतो, हे मला ठाऊक नव्हतं.

कडक काय आहे त्यात? चार खोल्या, एकोणतीस अपंग मुलं, ही आमची जमिया. आठ वर्षांत परदेशातून तीन स्वयंसेवक आले. पहिल्याने भिंतीवर सूर्यफुलं काढली. चांगली काढली. त्यामुळे एकही मूल उठून बसलं नाही. दुसरीने आयांना श्वास घ्यायला शिकवलं. मुलं कडेवर आणि पाण्याचे कॅन हातात घेऊन दोन जिने चढणाऱ्या बायका ह्या — त्यांना श्वास! तिसरा स्वतःलाच शोधायला आला होता. सापडला की नाही कळलं नाही. आमच्या बायका मात्र अकरा आठवडे त्याच्यासाठी वेगळं, बिनतिखटाचं कुस्कुस रांधत होत्या.

आमचा स्वतःचा फिजिओथेरपिस्ट होता. इथलाच, माझा विद्यार्थी. तो आता जर्मनीत म्हाताऱ्यांचे गुडघे वाकवतो. त्यांनी आमचा माणूस नेला आणि बदल्यात सूर्यफुलं पाठवली. असला व्यवहार मी तीस वर्षं इतिहासाच्या तासाला शिकवला. फक्त पुस्तकात त्याला स्वयंसेवा म्हटलेलं नव्हतं.

१२ जून

मोंजिया आली, रनीमला पाठीवर बांधून. सहा वर्षांची पोर, पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढलेले. स्फाक्सच्या डॉक्टरांनी सांगितलंय — रोज कोणीतरी जाणत्याने पाय सोडवले पाहिजेत, आईला ते शिकवलं पाहिजे. नाहीतर वर्षभरात खुबे निखळतील, आणि मग बसणंही जाईल. रोज! इथून स्फाक्स चार तास.

"उस्ताझा," ती म्हणाली. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गाव मला मास्तरीणच म्हणतं. "तुम्ही सभेत एवढं बोलता. एखादं पत्र लिहा ना कुणाला."

एवढं बोलता. लागलं मला ते. पण खोटं काय आहे त्यात?

लिहिणार. ज्यांची टर उडवते त्यांनाच लिहिणार. अभिमान माझा आहे, खुबे रनीमचे आहेत.

१९ जून

ब्रसेल्सच्या संस्थेचा अर्ज आला. सतरा पानं!

"स्वयंसेवकाच्या वैयक्तिक वाढीसाठी आपण कोणतं वातावरण पुरवाल?" वाढ आमच्या मुलांची खुंटली आहे, तुमच्या स्वयंसेवकाची नाही. "स्वयंसेवकाला मन मोकळं करण्यासाठी आठवड्यातून एकदा कोण भेटेल?" मी लिहिलं — मबरूका लस्वद, सचिव. मला तीस वर्षांत असं कोणी भेटलेलं नाही, तेव्हा ऐकून घ्यायला भरपूर जागा आहे.

मग "कामाचं नेमकं वर्णन". इथे सी लझहरनी पेन ओढून घेतलं आणि घातलं — सांस्कृतिक देवाणघेवाण. मी खोडलं आणि लिहिलं: मुलांची फिजिओथेरपिस्ट. किमान दहा वर्षांचा अनुभव. सहा महिने. मुलांना व्यायाम देणं आणि आयांना शिकवणं, म्हणजे ती गेल्यावरही काम चालू राहील. चित्रकला नको.

"हे उद्धट वाटेल, उस्ताझा."

"नेमकं विचारलंय, सी लझहर. नेमकं सांगितलं."

सतरा पानांत हा एक प्रश्न मात्र शहाणा होता, हे कबूल करते. मागच्या तिन्ही वेळा आम्ही तिथे लिहिलं होतं — "जे पाठवाल ते चालेल." मग जे आलं ते आलं. पाहुण्याला काम सांगायचं नाही, ही आमच्या घरची रीत आम्ही अर्जातही पाळली.

२९ ऑगस्ट

मिळाली!

नाव इरेन. आडनाव लांबलचक, सी लझहरना उच्चारेना, म्हणून 'मादाम इरेन' ठरलं. पंधरा वर्षं मुलांच्या रुग्णालयांत. पहिली तीन फ्रान्समध्ये, पुढची बारा टोगोमध्ये, लोमे शहरात. फोटो नाही. निवड कामावरून व्हावी, चेहऱ्यावरून नव्हे, असा संस्थेचा नियम आहे म्हणे. काय हे सोवळं!

लोमे वाचून मी नाक मुरडलं. म्हणजे बारा वर्षं काळ्या पोरांबरोबर फोटो काढून झाले, आता आमची पाळी. "आफ्रिका पुरली नाही वाटतं बाईंना," मी म्हटलं. सगळे पोट धरून हसले.

मोंजिया एवढंच म्हणाली, "हात कसे असतील तिचे?"

१७ सप्टेंबर

कार्यकारिणीची बैठक. विषय — पाहुणी कुठे उतरणार. अडीच तास!

संस्थेने फार मागितलेलं नाही. वेगळी खोली, आतून कडी लागणारं दार, जमिया चालत जाण्याइतकी जवळ. सी लझहरांच्या बायकोने, दलीलाने, त्यावर गुलाबी पडदे चढवले, काटे-चमच्यांचा संच चढवला आणि बसायचा संडास चढवला. गवंडी उद्यापासून.

"त्या लोकांचे गुडघे वाकत नाहीत," दलीला म्हणाली.

"फिजिओथेरपिस्टचेसुद्धा?" मी विचारलं.

मोंजियाने हात वर केला. तिची वरची खोली रिकामी आहे, दाराला कडी आहे, जमिया चार पावलांवर. "आणि माझ्या रनीमचं सकाळी सकाळीच होऊन जाईल."

"मादामला कोंबड्यांत झोपवणार का, मोंजिया?" खजिनदार म्हणाला. "रोज अंडं देईल ती तुला!"

हशा. मोंजियाने हात खाली घेतला.

मी हसले नाही. पण बोललेही नाही. कारखान्याच्या फाटकावर उभं राहून दोन हजार कामगारांसमोर बोललेली बाई मी — आणि तिथे गप्प बसले. मलाही डोळ्यांसमोर त्या कोंबड्याच दिसल्या.

२ ऑक्टोबर

संडास झाला. दलीला कोणाला वापरू देत नाही.

८ ऑक्टोबर, मंगळवार

आली नाही.

गाबेसहून दहाच्या सुमाराला येणार होती. वडापच्या तळावर आम्ही नऊपासून उभे. सी लझहर लग्नातल्या कोटात, घामाने निथळत. कापडी फलक, त्यावर हातभर अक्षरांत 'सुस्वागतम मादाम इरेन', अरबीत आणि फ्रेंचमध्ये. ताटात खजूर आणि दूध. दूध दोनदा बदललं. गाबेसच्या पाच गाड्या आल्या. सैनिक उतरले, विद्यार्थी उतरले, एक नवरी उतरली, एक बकरी उतरली. मादाम नाही.

आयांना आम्ही मागे भिंतीजवळ उभं केलं होतं, फोटोत गर्दी नको म्हणून.

त्यात एक ताप. दुसऱ्या गाडीतून एक काळी बाई उतरली, मोठी निळी बॅग घेऊन, आणि सरळ आमच्याकडे आली. हल्ली रोज दोन-चार उतरतात, समुद्र ओलांडून युरोपात जायला किनाऱ्याकडे निघालेले. फ्रेंचमध्ये म्हणाली, "माफ करा, जमिया —"

"काम नाही इथे," सी लझहर म्हणाले. "काम नाही. पुढे जा."

तिने फलकाकडे बोट दाखवलं. काहीतरी म्हणाली.

"हो, हो. पाहुणी यायची आहे आमची. बाजूला व्हा जरा."

तिने पुन्हा बोट दाखवलं. मग मी मध्ये पडले, माणुसकी म्हणून. म्हटलं, बाई, ऑलिव्हची तोडणी झर्झिसकडे आहे, ती बघा पांढरी गाडी. पाण्याची बाटलीही दिली. तिने बाटली घेतली नाही. बॅग उचलून भिंतीकडे निघून गेली. माणुसकी दाखवायचीही सोय उरली नाही!

थोड्या वेळाने मोंजिया पुढे येऊन माझी बाही ओढायला लागली. "उस्ताझा, ती बाई —"

"मागे राहा, मोंजिया. गाडी येतेय."

गाडी आली. त्यात ती बकरी होती.

दुपारी दोनला फलक गुंडाळला. घड्याळाचे गुलाम म्हणे हे लोक! आमच्याकडे यायचं असलं की यांचं घड्याळही उन्हाने वितळतं.

९ ऑक्टोबर

सकाळी ब्रसेल्सला पत्र पाठवलं. मीच सांगितलं, सी लझहरनी टाइप केलं. "आमच्या एकोणतीस मुलांनी वाट पाहिली. आपल्या मादामना बहुधा आमचं ऊन मानवलं नसावं. आम्ही गरीब आहोत. आम्हाला ताटकळत ठेवायला हरकत नाही, हे आपण फार पूर्वी ठरवलेलं दिसतं." वाचून दाखवलं तेव्हा टाळ्या पडल्या. चांगलं पत्र होतं. अजूनही वाक्यं पाठ आहेत, हीच शिक्षा.

चार वाजता फोन आला. संस्थेची समन्वयक. आवाज अगदी शांत. म्हणाली, इरेन मंगळवारी दुसऱ्या गाडीने पोचली होती. निळी बॅग होती.



"तिने फलकावरचं स्वतःचं नाव तुम्हाला दाखवलं, मादाम. दोनदा."

मी विचारलं — का विचारलं, देव जाणे — "पण ती टोगोची आहे हे तुम्ही कळवलं का नाही?"

"तिची सगळी माहिती पाठवली होती. जन्मस्थळ लोमे. तिसऱ्या पानावर." मग म्हणाली, "आम्ही तुम्हाला फिजिओथेरपिस्ट पाठवली होती."

इरेन गाबेसला परतली आहे. लहानशा हॉटेलात उतरली आहे. शुक्रवारी संध्याकाळी परत जाणार.

कार्यकारिणीला सांगितलं. सी लझहर म्हणाले, "तरी मी म्हणत होतो, फोटो मागवा." दलीला म्हणाली, "मग तिला तो संडास कशाला हवा होता?" खजिनदार म्हणाला, "दुसरी मागवू. ह्या वेळी अर्जात स्पष्टच लिहू."

काय स्पष्ट लिहिणार, असं मी विचारलं. सी लझहर कागद आवरायला लागले.

यांना शिव्या द्यायला शब्द कमी नाहीत माझ्याकडे. पण झर्झिसची गाडी यांनी नाही दाखवली. मी दाखवली. गोऱ्यांच्या नजरेवर तीस वर्षं भाषणं केली, आणि तीच नजर माझ्या डोळ्यांत बसली होती. तिचं फ्रेंच माझ्याहून शुद्ध होतं. मी ते ऐकलंच नाही.

संध्याकाळी मोंजियाच्या घरी गेले. ती धान्य निवडत होती. मला बसायला पाट दिला.

"ती परत जाताना आमच्यापाशी थांबली," मोंजिया म्हणाली. "डोळे पुसत होती. रनीमचे पाय दिसले तशी बॅग खाली ठेवली. टाच अशी तळहातात घेतली, दुसरा हात गुडघ्याखाली. पाय हळूहळू सुटला, उस्ताझा. आजवर कोणी हात लावला की रनीम किंचाळते. कालच्याला गप्प होती. मी तेच सांगायला आले होते तुम्हाला."

मी तिला म्हटलं होतं, मागे राहा.

१० ऑक्टोबर, गुरुवार

समन्वयकेने इरेनला विचारून हॉटेलचा पत्ता दिला. निरोप एवढाच — यायचं तर या, मी काही कबूल करत नाही.

मोंजियाला म्हटलं, उद्या रनीमला घेऊन चल. ती नाही म्हणाली. "रनीमला पाहिलं की ती राहील, उस्ताझा. मग तुमची माफी मागायची राहून जाईल."

दुपारच्या सभेत एवढंच बोलायचं आहे, याच्यावर एक शब्द नाही:

जमियाच्या सभासदांनो, उद्या सकाळी सहाच्या वडापने माझ्याबरोबर गाबेसला चला. हातात काही घेऊ नका. मुलांचं नाव काढू नका. तिच्यासमोर उभे राहा आणि माफी मागा.