बांडगुळाच्या पानातली अळी

३ मार्च
आजचा दिवस इतिहासात जाणार. पार्किंगमधल्या झाडावर बांडगूळ आहे, त्याच्या तीन पानांत अळ्या सापडल्या. पानाच्या दोन पदरांमध्ये बसून आतलं हिरवं खातात, बाहेरून नुसता पांढरा वेडावाकडा बोगदा दिसतो. ह्यासाठीच तर नोकरी सोडली. बायको म्हणाली, पानं बघून कुणाचं पोट भरलंय? म्हटलं, अळीचं. हसली नाही. विनोदबुद्धी लागते.

४ मार्च
संग्रहालयात गेलो. कीटक विभागाच्या मॅडम म्हणाल्या, नुसत्या अळीवरून जात सांगता येत नाही. आतून माशी निघेल की पतंग, तेही नक्की नाही. पंख फुटलेला अख्खा किडा आणा, मग सहायकाच्या जागेचं बघू. म्हणजे जागा माझीच! बायकोची मुदत महिनाअखेरपर्यंत. नाहीतर एक तारखेपासून तिच्या भावाच्या नळाच्या दुकानात. मी आणि नळ! हट्!

९ मार्च
वाट बघत बसणं सामान्यांचं काम. बायकोच्या भुवयांच्या चिमट्याने बोगदा उघडला, अळीचे पाय मोजायला, म्हणजे माशी की पतंग ते कळेल. अळीचे दोन तुकडे. पाय एकातही नाहीत. चिमटा हलका आहे.

१४ मार्च
दुसरं पान तोडून बरणीत ठेवलं होतं. वाळून कडकडीत. अळीही. बायको म्हणाली, झाडावरच पिशवी बांधायची ना. हे मला आधीच सुचलं होतं, बोललो नव्हतो इतकंच.

१५ मार्च
शेवटच्या पानाला पिशवी बांधली. त्यासाठी बायकोचा नवा जाळीचा पडदा कापला. शिडी तिनेच धरली, तोंड पाडून. विज्ञानाला त्याग लागतो. तो तिने करावा.

२३ मार्च
अळी कोषात गेली! कोष घरी आणला. बरणीत ठेवून तोंडाला कापड, वर रबरबँड. पतंगच निघणार. जात नवीन असली तर माझं नाव द्यायचं. बायकोचं द्यावं का? नको, डोक्यावर बसेल. मेहुण्याला फोन करून सांगितलं, काउंटरवर दुसरा माणूस बघ.

३० मार्च, संध्याकाळ
मॅडमसमोर करायचं भाषण तयार. गुंडाळी केली, हाताशी होता तो रबरबँड लावला. तेवढ्यात एक फालतू करडा किडा ट्यूबलाइटभोवती घिरट्या घालायला लागला. भाषणाच्याच गुंडाळीने भिंतीवर चेपला. बायकोला चांगलं झापलं. पिठाला किडे पडलेत, घरात लक्ष आहे का तुझं? रडत रडत सगळं पीठ चाळत बसली. बरं झालं.

३१ मार्च
पिठात काही नव्हतं. सकाळी बायकोने बरणी आणून माझ्यापुढे ठेवली. कापड सरकलेलं. कोष रिकामा. रबरबँड भाषणाला. भिंतीवरच्या डागाकडे बोट दाखवलं आणि हसत सुटली. लग्न झाल्यापासून इतकी कधी हसली नव्हती. हसता हसताच भावाला फोन लावला.
भिंतीचा पोपडा खरवडून मॅडमकडे नेला. मायक्रोस्कोपखाली बघून म्हणाल्या, पतंग असावा, पुढे सांगण्यासारखं तुम्ही काही शिल्लक ठेवलेलं नाही. म्हणजे पतंगच! माझंच खरं ठरलं. जागेचा विषय त्यांनी काढला नाही. मी पडलो भिडस्त.

१ एप्रिल
दुकान. पहिल्याच गिऱ्हाइकाने पाइप वळवायचा अर्ध्या इंचाचा एल्बो मागितला. मी पाऊण इंचाचा दिला. मेहुणा सगळ्यांदेखत म्हणाला, दाजी, ओळखता येत नसेल तर हात लावत जाऊ नका.
स्टुलावर बसून आहे. हात मांडीवर.