उचकीची जागा

मुळशी, सोमवार, १२ फेब्रुवारी १९७९

अजून राग जात नाही. यांच्या संगीत नाटकाचा सिनेमा होतोय म्हणून धरणाकाठी शूटिंग बघायला गेले, तर माझ्या गाण्यातली उचकीच काढून टाकलेली! पहिल्या प्रयोगात ती मला खरंच लागली होती. लोक हसले, वन्समोअर आला, आणि यांनी ती उचकी कायमची नाटकात लिहून टाकली.

"मावशी, पडद्यावर ती चूक वाटते," दिग्दर्शक म्हणाला.

"चूकच होती ती!" मी ओरडले.

बघायला आलेली मासेवाली सखू म्हणाली, "आन् उचकी कुटं हाय? त्यापायीच तर आलो आमी." दिग्दर्शक नुसता हसला. मूर्ख!

उचकी लागते म्हणजे कुणीतरी आठवण काढतंय, एवढंही कळू नये? हे गेल्यापासून माझ्याकडे तेवढीच तर उरली होती.

आत्ता लिहिताना लागली आहे. पाणी पिणार नाही.