पार्किंगच्या स्टिकरने पाडलेला भाव

बुधवार, १४
वाघोलीत जळालेली इलेक्ट्रिक स्कूटर आम्ही पेपरात जिचं नाव छापलं त्या कंपनीची नव्हतीच. अग्निशमन केंद्रातल्या अधिकाऱ्यांनी संध्याकाळी फोनवर पक्कं केलं. मेक दुसराच. मागचा भाग जळाला. पुढे शिल्लक राहिलेल्या पत्र्यावर कंपनीचं नाव दिसत होतं, ते कामगारांच्या पार्किंगचं स्टिकर. कंपनीही स्कूटरच बनवते. वार्ताहराचा फोटो पाहून स्कूटर त्यांचीच असं मी गृहीत धरलं आणि तसा मथळा दिला. एक फोनही न करता. इतक्या वर्षांनी.
काल अकराला वेबसाइटवर, आज पहिल्या पानावर. शेअर काल दुपारपासून घसरतोय.

गुरुवार, १५
दुरुस्ती छापली. पान सात, चार ओळी. शेअर जरासा वर, मग पुन्हा खाली. हे कोडं. खरं कळलं, तरी भाव परत का येत नाही?
शेजारच्या अभ्यंकर काकांना विचारलं. निवृत्तीपासून रोज बाजार बघतात.
"अहो, स्कूटर पेटली म्हणून कुणी विकलं नाही. शेजारचा विकेल म्हणून विकलं."
"आणि आता?"
"आता शेजारचा परत घेतोय का, ते बघतायत. तुमचा खुलासा वाचतंय कोण? मलाही शोधावा लागला." मग आत वळून काकूंना, "चहा टाक गं, बाजार पाडणाऱ्या बाई आल्यात."

शुक्रवार, १६
स्कूटरचे मालक कचेरीत आले. मारुती गव्हाणे, त्याच कंपनीत फिटर. स्टिकरवरच्या नंबरावरून कंपनीने शोधलं. फोटो त्यांनीच पेपरला पुरवला, असा संशय. चौकशी होईपर्यंत कामावर यायचं नाही.
आपल्याच कंपनीची का नाही घेतली, विचारलं.
"मेव्हण्याची जुनी हाय, ताई. साहेब बी हेच इचारत्यात." मग, "जळाली माझी, आन् चोर बी मीच."
त्यांना लेखी हवंय, की फोटो आमच्या वार्ताहराने काढला. एवढंच.
तीन दिवस मी भावाची रेषा बघतेय. स्कूटर कुणाची होती, हे विचारायचं सुचलं नाही.

शनिवार, १७
संपादक म्हणाले, "लेखी दिलंत की कंपनी तोच कागद घेऊन कोर्टात येईल."
"चूक छापलीच आहे की. पान सात."
"तिथे तुमचं नाव नाही."
हे मात्र खरं.
वार्ताहराला विचारलं. म्हणाला, माझं नाव घाला, फोटो मीच काढलाय.
दुपारी घरी बसून लिहिलं. साधा कागद, लेटरहेड नाही. फोटो वार्ताहराचा, चूक माझी, गव्हाणेंचा संबंध नाही. खाली सही. कंपनीत चालेल का, कोण जाणे.

रविवार, १८
वाघोलीला जाऊन कागद दिला. गव्हाणेंनी दोनदा वाचला.
"यात तुमचं नाव हाय की, ताई."
"असायलाच हवं."
परत आल्यावर संपादकांना फोन करून सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "उद्या भेटा."
उद्या सव्वानऊला बाजार उघडेल. दहाला गव्हाणेंना कंपनीत बोलावलंय, अकराला मला केबिनमध्ये. अभ्यंकर काकांचा मेसेज आलाय, उद्या शेअर वर जाणार, लिहून ठेवा.
लिहून ठेवलं.